मागच्या सीटचं चामडं

माझे साडू विठ्ठलराव म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातले शिंपी. पण माणसांचे कपडे शिवणं त्यांनी फार लवकर सोडलं. माणूस आज एक माप देतो, दसऱ्यापर्यंत त्याचं पोट सुटतं आणि मग तो शिंप्याला शिव्या देतो, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते मोटारींच्या सीटा शिवायचे. सीट जाड होत नाही आणि आरशासमोर उभी राहून तोंड वाकडं करत नाही.

मी गंगाधर, बँकेतून निवृत्त, राहणार चामराजपुरम. विठ्ठलरावांची बायको सोयराबाई आणि माझी बायको सुमित्रा सख्ख्या बहिणी, एवढ्याच कारणाने आम्ही दोघं आयुष्यभर एका पंगतीला बसलो. एरवी आमचं कशातच जमत नाही. माझं तत्त्व सरळ आहे. गाडी घेताना ती पुढे विकायची आहे हे ध्यानात ठेवून घ्यावी. रंग पांढरा, कारण पांढऱ्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं. आणि कारखान्यातून सीटवर जे प्लास्टिक येतं ते काढायचं नाही, म्हणजे विकताना सीट कोरी करकरीत दिसते. उन्हाळ्यात पाठीला चिकटतं, उठताना चर्र आवाज होतो, सुमित्रा दर वेळी ‘अय्यो’ म्हणते. म्हणू दे. माझ्या गाड्यांना भाव चांगला यायचा.

असल्या माणसाच्या नशिबी असला साडू. विठ्ठलरावांकडे काळी, बसकी मॉरिस मायनर होती, आणि ती त्यांनी विकण्यासाठी घेतलीच नव्हती. खरं तर ती त्यांनी घ्यायलाही नको होती.

झालं असं की सहासष्ट साली आमच्या चामराजपुरममधल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ती विकायला काढली. त्याआधी सीटा ठाकठीक कराव्यात म्हणून विठ्ठलरावांना बोलावलं. सीटा विलायती चामड्याच्या, तपकिरी. विठ्ठलराव रोज सायकलवरून जायचे, अंगणात आंब्याखाली बसून टाके घालायचे आणि जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन गाडीत जाऊन बसायचे. गिऱ्हाइकं येत, टायरला लाथा मारत, नाकं मुरडत, भाव पाडत. विठ्ठलरावांना ते बघवेना. शेवटी नवीन शिलाई मशीनसाठी बाजूला ठेवलेले पैसे त्यांनी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले आणि किल्ली उचलली. चालवता येत नव्हती. डॉक्टरांच्या ड्रायव्हरने गाडी लष्कर मोहल्ल्यात आणून सोडली.

इकडे सोयराबाई, म्हणजे आमची अक्का, मशीन येणार म्हणून आरतीचं ताट घेऊन दारात उभी. शेजारच्या चार बायकांनाही तिने हळदीकुंकवाला बोलावलेलं.

“मशीन कुठाय?” तिने विचारलं.

“हे काय,” विठ्ठलराव म्हणाले. “मशीनच की. शिवाय चाकं आहेत.”

अक्काने ताट तसंच आत नेलं आणि नवऱ्याशी बोलणं टाकलं.

यानंतर विठ्ठलरावांनी जे केलं ते एखादा शिंपीच करू जाणे. गाडी आपली झाल्याबरोबर त्यांना ते चामडं खुपायला लागलं. कुणा परक्याने घातलेले टाके, आणि ते आपल्या गाडीत! सीटा शिवण्यात सगळ्या मोहल्ल्यात आपलं नाव, आणि आपल्याच गाडीत दुसऱ्याची शिलाई म्हणजे लोक तोंडात शेण घालतील, असं त्यांनी ठरवून टाकलं. चांगलं धडधाकट विलायती चामडं त्यांनी उसवून काढलं आणि त्या जागी डाळिंबी रेक्झिन बसवलं, कडेला पांढरी पायपिन, गोटासारखी. मोहल्ल्यातले लोक बघायला आले, त्यांनी वाहवा केली, विठ्ठलराव धन्य झाले. पुढे दर दोन-चार वर्षांनी गाडीला नवे कपडे. एका कल्याणमंडपातल्या नवरानवरीच्या सोफ्याचं काम केलं, त्यातलं जांभळं मखमल उरलं, ते गाडीला. मी म्हटलं, “विठ्ठलराव, ही गाडी आहे का नाटक कंपनी?” तर म्हणाले, “बसून तरी बघा.” बसलो. खोटं का बोलू, मऊ होतं. पण त्यांना तसं सांगितलं नाही.

काढलेलं चामडं मात्र शिंप्याच्या घरात वाया जाणार नव्हतं. पुढच्या सीटांतून विठ्ठल मंदिरातल्या भजनी मंडळाच्या मृदंगाला गवसणी झाली. मंदिरात चामडं कसं, म्हणून कुणीतरी कुरकुर केली, तेव्हा विठ्ठलरावांनी विचारलं की आतल्या मृदंगाला काय पत्रा लावलाय का. उरल्या तुकड्यातून पुढे माझ्या लग्नात मला चष्म्याचं घर मिळालं. तेव्हा मला चष्मा नव्हता. लागेल, म्हणाले.

आणि मागच्या सीटच्या पाठीचा सगळ्यात मोठा, सलग तुकडा होता. अक्का बोलत नव्हती त्या दिवसांत विठ्ठलरावांनी त्याची एक पिशवी शिवली. मशीनवर नाही, हाताने, दोन सुया दोन्ही बाजूंनी घालून. चुलीशेजारी ठेवली आणि काही न बोलता दुकानात जाऊन बसले. अक्कानेही काही न बोलता ती उचलली. त्यानंतर ती पिशवी अक्काच्या हातातून सुटलेली मी पाहिली नाही. बाजारात, लग्नात, बाळंतपणाला दवाखान्यात, सासऱ्यांच्या दहाव्याला, सगळीकडे ती पिशवी. खंडेनवमीला विठ्ठलराव मशीन, कात्री आणि गाडीची पूजा करत, कोहळा ओवाळून रस्त्यात फोडत, तेव्हा अक्का आपली पिशवी आणून गाडीच्या टपावर ठेवायची. तीही गाडीचीच ना, म्हणायची. मग पिशवीलाही हळदकुंकू.

रविवारी दोघं गाडी घेऊन हुणसूर रस्त्यावरच्या येलवालपर्यंत जायची. एव्हाना चालवायला शिकलेले विठ्ठलराव पुढे, अक्का मागे. नवऱ्याशेजारी बसायचं नाही हे तिने पहिल्या रागात ठरवलं होतं आणि राग गेला तरी जागा तीच राहिली. येलवालला झाडाखाली गाडी लावायची, कॉफी प्यायची, शेतातल्या ताज्या अवरेकायीच्या शेंगा पिशवीत भरायच्या आणि परत. हुणसूरच्या बसगाड्या पोंपों करत पुढे निघून जात. विठ्ठलराव त्यांना हात करत. मी एकदा सोबत गेलो होतो. पेट्रोल, वेळ आणि शेंगा यांचा हिशेब मांडून दाखवला, तर परत कधी बोलावलं नाही.

विठ्ठलरावांना एक खोड होती. गाडी विकायची नाही, पण भाव मात्र ऐकायचा. जुन्या गाड्यांचे शौकीन वाढायला लागले तसे बंगळूरहून लोक यायला लागले. विठ्ठलराव त्यांना बसवत, कॉफी पाजत, बॉनेट उघडून दाखवत, “तुम्हीच सांगा काय द्याल” म्हणत. आकडा ऐकला की चेहरा असा खुलायचा की समोरच्याला वाटावं सौदा झाला. मग म्हणायचे, “छान. पुढच्या वर्षी या.” पुढच्या वर्षी आकडा वाढलेला. हे मला सांगताना त्यांना कोण आनंद. मी चडफडायचो. विकायचं नाही तर भाव कशाला विचारता? तर म्हणे, लग्न झालेल्या मुलीचं कुणी कौतुक केलं तर बापाने ऐकूच नये का?

सगळं सुरळीत चाललं होतं, पण अक्काचे गुडघे गेले.

त्यांचं घर असं, की खाली पुढे दुकान, त्याच्यामागे बाजूच्या गल्लीत उघडणारी एक मोठी खोली, तिच्यात गाडी, आणि परसात संडास. राहणं वर. मध्ये उभा लाकडी जिना. अक्का दिवसातून कितीदा तरी त्या जिन्यावर बसून बसून उतरायची आणि रेटत रेटत चढायची. एके दिवशी आम्ही गेलो असताना ती मधल्या पायरीवर बसली आणि तिथेच रडायला लागली. सुमित्राने तिला धरलं.

“गाडी खाली झोपते आणि मी वर,” अक्का म्हणाली. “तिला जिना चढावा लागत नाही. नोडी, बघा विठ्ठलराव, मला खालची खोली पाहिजे.”

नवऱ्याला ती नावाने कधी हाक मारायची नाही. विठ्ठलराव पांढरेफटक पडले. भिंतीला टेकले आणि म्हणाले, “आयतु, ठरलं. पांडुरंगाची शपथ. दसऱ्याच्या आत गाडी जाईल.” आणि पहिल्यांदा मला त्यांची दया आली.

गिऱ्हाईक शोधायचं काम अर्थातच माझ्याकडे. मी बंगळूरच्या नरसिंहमूर्तींना फोन केला. मोठे शौकीन, घरी जुन्या गाड्यांची रांग. सत्त्याण्णवचा सप्टेंबर होता. ते आले ते रुमालात लोहचुंबक गुंडाळून. पत्र्यावरून तो फिरवत गेले. जिथे चिकटणार नाही तिथे पुट्टी भरलेली. सगळीकडे चिकटला. इंजिनचा नंबर जुळला, घड्याळसुद्धा डॉक्टरांच्या काळातलं निघालं. मूर्ती खुशीत आले. मग त्यांनी दार उघडलं आणि जांभळं मखमल पाहिलं.

मूर्तींचं सगळं बोलणं कन्नडात. त्यांनी दार मिटलं, पुन्हा उघडलं आणि विचारलं, “हे कुणी केलं?”

“मी,” विठ्ठलराव म्हणाले. कौतुक होणार म्हणून हात पुसून उभे राहिले.

“ओरिजिनल चामडं होतं यात!”

“होतं. मी काढलं. आता बघा कशी दिसते!”

मूर्तींनी डोक्याला हात लावला. जुन्या गाडीत सगळी किंमत मूळपणाला, त्यांनी समजावलं. फाटकं का असेना, मूळचं पाहिजे. तुम्ही सोनं काढून खोटी जर चढवलीत. आणि त्यांनी जो आकडा सांगितला तो ऐकून मला घाम फुटला. तेवढ्यात खालच्या खोलीला फरशीसुद्धा बसली नसती. मी विठ्ठलरावांकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर विरघळला असता. ते मात्र दोरा दाताने तोडत शांतपणे म्हणाले, “चामडं आहे की. सगळं आहे. गावातच आहे.”

मूर्ती ताडकन वळले. चामडं असेल तर गोष्टच वेगळी. तुकडे असले तरी चालतील, पाठीचा मोठा तुकडा मिळाला तर फारच उत्तम, बाकी त्याला जोडून घेता येईल. नवा आकडा त्यांनी सांगितला. त्यात फरशी, मोरी, खोलीला लागून संडास, सगळं येत होतं. अक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. तिने डोळे मिटून हात जोडले.

मी कामाला लागलो. माझं चष्म्याचं घर तिथल्या तिथे काढून दिलं, चष्मा खिशात टाकला. मंदिरात जाऊन भजनी मंडळाला गाठलं. एकादशी दोन दिवसांवर, मृदंग उघडा कसा ठेवणार, असा वाद त्यांनी घातला. नवी गवसणी शिवून देतो असा विठ्ठलरावांचा निरोप सांगून ती सोडवून आणली. मूर्तींनी दोन्ही वस्तू जमिनीवर अंथरल्या, बोटाने चाचपल्या, वास घेतला. “हेच,” ते म्हणाले. “आता पाठीचा तुकडा?”

सगळ्यांनी अक्काकडे पाहिलं. अक्काने मांडीवर पाहिलं.

“घ्या की,” ती म्हणाली. “पिशवी तर पिशवी. बाजारात हजार मिळतात.” आणि तिने पिशवी जमिनीवर उपडी केली. किल्ल्या, सुपारीची डबी, गुडघ्याला चोळायचं तेल, बसची जुनी तिकिटं, अंगाऱ्याच्या पुड्या, वाळलेली एक शेंग. रिकामी पिशवी तिने मूर्तींच्या हातात दिली. हात मात्र जरा वेळ तिथेच राहिला.

मूर्तींनी खिशातून छोटा चाकू काढला. आतली बाजू बघायला हवी होती.

“अंहं,” विठ्ठलराव म्हणाले. “शिवलीय मी, उसवणारही मीच.” ते मांडी घालून बसले, चष्मा नाकावर ओढला, लहान कात्री घेतली आणि पिशवी डोळ्यांजवळ नेली. “या बाजूने सुरुवात केली होती. तेव्हा पाऊस होता. हिने जेवण वाढलं होतं, पण ताट ढकललं होतं माझ्याकडे. असं.” त्यांनी हाताने ढकलून दाखवलं. कात्रीचं टोक पहिल्या टाक्याखाली गेलं. “हा टाका त्याच दिवसाचा.”

“साकु! पुरे!” अक्का ओरडली.

गुडघे गेलेली बाई एवढ्या चपळाईने उठू शकते यावर माझा अजून विश्वास नाही. तिने पिशवी हिसकावली आणि पोटाशी धरली.

“मशीन आणतो म्हणून गाडी आणली ह्यांनी,” ती मूर्तींना म्हणाली. कन्नडात सुरू केलं आणि मराठीवर आली, तिला भानच नव्हतं. “बायकांसमोर माझी मान खाली गेली. मी रागावले, खूप रागावले. ह्यांनी तोंडाने माफी मागितली नाही हो, एकदासुद्धा नाही. ही पिशवी ठेवली. आता ही दिली तर माझ्याकडे राहिलं काय? बेडा. नको मला तुमचे पैसे. मला माझी पिशवी पाहिजे.”

मूर्ती समजूतदार माणूस. त्यांनी चाकू मिटला, मखमलावर बसून आणखी एक कॉफी घेतली आणि जाताना म्हणाले, “मऊ आहे.” मी चष्म्याचं घर उचलून खिशात टाकलं.

मूर्ती गेले. गाडी जाणार नव्हती, म्हणजे खोली मिळणार नव्हती. विठ्ठलराव मान खाली घालून बसले होते. शेवटी अक्काच बोलली. डोळे पुसून, पण ठाम.

“गाडी राहील. पण इथे नाही. खाली मी राहणार. फरशी नाही मिळाली तरी चालेल, शेणाने सारवून घेईन.”

“मग ठेवायची कुठे?” मी विचारलं. हे विचारायला नको होतं.

“आमच्याकडे पोर्च आहे की,” सुमित्रा म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी बरंच बोललो. माझी पांढरी मारुती उन्हात उभी राहील, रंग उडेल, भाव पडेल, सगळं सांगितलं. दोघी बहिणी शेंगा सोलत बसल्यासारख्या शांतपणे ऐकत होत्या. विठ्ठलरावांनी तोवर गाडीची किल्ली शोधलीसुद्धा. मी त्यांना बाजूला घेऊन विचारलं, “अक्का पिशवी द्यायची नाही हे ठाऊक होतं, म्हणून चामडं गावात आहे असं मुद्दाम बोललात ना?” त्यांनी सुईत दोरा ओवायला घेतला आणि तो काही केल्या ओवला जाईना. शपथ मात्र मोडली नाही त्यांनी. दसऱ्याच्या आत गाडी गेली. पिशवी मांडीवर घेऊन अक्का मागच्या सीटवर बसली आणि सगळा लष्कर मोहल्ला निरोप द्यायला बाहेर आला. गाडी जाऊन जाऊन दोन मैल गेली, माझ्या दारात.

मारुती उन्हात ठेवण्यापेक्षा विकलेली बरी, म्हणून मी दलालाला बोलावलं. रंग पांढरा, किलोमीटर कमी. मी रुबाबात म्हटलं, “सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. आत ओरिजिनल कापड आहे, माणसाचा हात लागलेला नाही.” दलालाने प्लास्टिकची कड धरली आणि खर्रकन ओढलं. आंबलेल्या पिठाचा वास आला. इतक्या वर्षांचा घाम आणि ओल आत कोंडून कापडावर हिरवी-काळी बुरशी धरली होती, जागोजाग विरलं होतं.

“ओरिजिनलच आहे, साहेब,” दलाल म्हणाला. “पण कुजलंय.” आणि निघून गेला.

मी पायरीवर बसलो. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. इतकी वर्षं ज्या सीटा जपल्या त्यांच्यावर मी एकदाही बसलो नव्हतो. बसलो होतो ते प्लास्टिकवर.

रविवार होता. विठ्ठलराव आणि अक्का येलवालला जायला आली होती, बसने आमच्याकडे आणि आमच्याकडून मॉरिसने. अक्का हल्ली खालच्या खोलीत राहते, निम्मी फरशी बसली आहे, बाकीची येईल. तिने मारुतीत डोकावून नाकाला पदर लावला. विठ्ठलरावांनी गळ्यातली टेप काढली, दार पूर्ण उघडलं आणि सीटचं माप घ्यायला लागले. खडूची खूण करत विचारलं, “कुठलं कापड लावू, गंगाधरराव? पांढऱ्याला गिऱ्हाईक लवकर मिळतं म्हणतात.”

सुमित्रा हसली, अक्का हसली. मी ते प्लास्टिक गोळा करून बाजूला टाकलं.

“ते जांभळं,” मी म्हटलं, “थोडं उरलंय का?”